वाफेचा हत्ती

‘खेळ’ हा शब्द आपल्या मराठीत मोठा दुटप्पी आहे. कोणी कामात हयगय केली की वडीलधारी माणसे ‘हा काय खेळ मांडला आहे?’ म्हणून दरडावतात; आणि तीच माणसे साऱ्या विश्वाच्या उलाढालीला ईश्वराची लीला, म्हणजे खेळच, मानून हात जोडतात. मी आज ज्या खेळाविषयी लिहिणार आहे तो या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसतो. त्याला मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, पंचाची शिट्टी लागत नाही. एक सतरंजी, थोडे कागद, पेन्सिली, दोन फासे आणि चारपाच माणसे एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. त्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही; तरीही दोन-तीन तास कोणाला तहानेची आठवण राहत नाही.

या खेळाला इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मी त्याला ‘सोंगांचा खेळ’ म्हणते. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो जागा, काळ आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात: कोणी वैद्य, कोणी नावाडी, कोणी पळून आलेला राजपुत्र. सूत्रधार म्हणतो, “समोर पुराने भरलेली नदी आहे, तुम्ही काय करता?” मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल असे उत्तर द्यावयाचे. करू म्हटलेली गोष्ट सहज होण्याजोगी असेल तर ती होते. अवघड असेल तर फासे टाकून निकाल लावायचा. त्या निकालातून पुढचा प्रसंग उभा राहतो, आणि पाहता पाहता कोणीही एकट्याने न रचलेली अशी एक गोष्ट सर्वांच्या मुखातून तयार होते.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्या बाजूच्या माणसाला ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती करावयाची आणि कोणी कोणते सोंग घ्यावयाचे एवढे ठरले की झाले. संवाद रंगमंचावर उभे राहूनच सुचतात. राक्षसाने काही वाकडे विचारले तर राजाला जागच्या जागी उत्तर द्यावे लागते. हा सोंगांचा खेळ म्हणजे प्रेक्षकांवाचून चालणारा दशावतारच होय. फरक इतकाच की येथे रात्र जागवावी लागत नाही, आणि तोंडाला रंग लावावा लागत नाही.

आजच्या स्वरूपात हा खेळ आला तो अमेरिकेतून. त्याच्या पूर्वजांत प्रशियाच्या लष्करातला एक युद्धखेळ आहे. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याचे ठोकळे सरकवावयाचे आणि पंचाने फाशांच्या साहाय्याने निर्णय द्यावयाचा, अशी त्याची रीत होती. ‘टाइम मशीन’चे कर्ते एच्. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांनी लढावयाच्या लढायांचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले. पुढे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला आणि सैन्याच्या जागी एकेकटा माणूस आणून बसवला. या खेळाचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु त्याच्या सावलीत वाढलेले, तुलनेने कमी लोकांना ठाऊक असलेले काही खेळ मला अधिक जवळचे वाटतात.

त्यांतला एक ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी तो १९७७ साली प्रसिद्ध केला. तीन लहानशा काळ्या पुस्तिका, एवढाच त्याचा संसार होता. त्यात अंतराळातल्या दूरदूरच्या ताऱ्यांमध्ये व्यापार आणि प्रवास करावयाचा असतो. त्याची एक गंमत अशी की आपल्या सोंगाचे पूर्वायुष्यही फासे टाकूनच ठरवावे लागते. नोकरीची चार चार वर्षे जसजशी सरतात तसतसे कसब वाढते. पण दर खेपेला जीव वाचला की नाही हेही फाशांना विचारावे लागते, आणि दान वाईट पडले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच बिचारा सोंगाडी निजधामास जातो! दुसरा ‘स्पेस : १८८९’. फ्रँक चॅडविक यांच्या या खेळात, जो १९८८ साली निघाला, एडिसन विजेचे दिवे बाजूस ठेवून मंगळावर जातो, आणि मागोमाग युरोपातली राज्ये तेथे वसाहती थाटतात. इंदूरला जशी इंग्रजांची रेसिडेन्सी होती तशीच जणू मंगळावरही! तिसरा माइक पॉन्डस्मिथ यांचा, १९९४ सालचा ‘कॅसल फाल्कन्स्टाइन’. यात फासे नाहीत, पत्ते आहेत. कारण त्या काळच्या सभ्य स्त्रीपुरुषांनी फासे हाती धरणे कमीपणाचे, अशी त्यामागची मिस्कील समजूत. बदाम भावनेच्या कामाला, किलवर अंगबळाच्या, चौकट बुद्धीच्या आणि इस्पीक चारचौघांतल्या वागण्याच्या, अशी चार रंगांची वाटणी त्यात केलेली आहे.

शेवटच्या दोन खेळांच्या जातीला ‘स्टीमपंक’ म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ साली एका पत्रात थट्टेने हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. वाफेचे युग संपलेच नसते, पितळेच्या चक्रांनी आणि कोळशाच्या भट्ट्यांनीच माणूस आकाशात उडाला असता, तर जग कसे दिसले असते, अशी ही कल्पना आहे. ऐकणाऱ्याला वाटावे, लंडन-पॅरिसकडच्या या गोष्टींचा माळव्यातल्या हाटपिपल्याशी काय संबंध? परंतु संबंध आहे, आणि तो मोठा चमत्कारिक आहे.

ज्यूल व्हर्न हा फ्रेंच कादंबरीकार या वाफेच्या कल्पनासृष्टीचा आजोबा. मराठी मुलांना त्याची ओळख करून दिली ती मुख्यतः भा. रा. भागवतांनी; आणि त्यांचा जन्म आमच्या शेजारच्या इंदूरचा, ही गोष्ट येथील मुलांना सांगितली की त्यांची छाती उगाचच फुगते. व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नाही. पण त्याचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र असल्याचे १८७५ सालच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड होते. आणि १८८० साली त्याने ‘स्टीम हाउस’ ही कादंबरी लिहिली. तीत एका इंग्रज इंजिनिअराने बनवलेला पोलादी हत्ती आहे. त्याच्या पोटात बाष्पपात्र, सोंडेतून धूर, आणि मागे चाकांवरची दोन घरे. हा हत्ती १८६७ साली कलकत्त्याहून निघून उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो. त्यावरचा कर्नल मन्रो हा कानपूरला आपली पत्नी मारली गेली या समजुतीने सूडासाठी एका माणसाच्या शोधात आहे. तो माणूस कोण? आपले नानासाहेब पेशवे! आणि ते लपले आहेत कोठे, तर नर्मदेच्या खोऱ्यात. आमच्याच देवास जिल्ह्यात नेमावरला जी नर्मदा वाहते, तिच्याच खोऱ्यात.

ही कथा वाचल्यावर मला राहवेना. माझ्या ओळखीची मराठी घरे या गावात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतल्या मुलांच्या तोंडी घरात मराठी, आणि बाजारात माळवी व हिंदी. आईने मराठीत हाक मारावी आणि मुलाने हिंदीत ओ द्यावी, हेही नित्याचेच. अशा पाच मुलांना मी रविवारी दुपारी जमवू लागले. खेळ आमचा आम्हीच बेतला. नियम मात्र वर सांगितलेल्या खेळांतून उचलले.

पहिली हरकत आली ती एका मुलाच्या आजोबांची. फासे पाहताच ते म्हणाले, “बाई, युधिष्ठिराचे काय झाले ते ठाऊक आहे ना तुम्हाला?” मी म्हटले, “आजोबा, युधिष्ठिराने पण लावला होता. आमच्या खेळात लावायला कोणाजवळ काही नाही.” त्यांचे समाधान झाले नाही. मी पत्त्यांची गोष्ट काढली, तेव्हा मात्र ते किंचित विरघळले. कारण रमीचा डाव त्यांचा स्वतःचा रोजचा. तेव्हापासून आमचा नियम ठरला: यंत्रांसाठी फासे, माणसांसाठी पत्ते. आजोबा आता कोपऱ्यात बसून, “इस्पीक वाया घालवू नकोस रे,” असे सल्ले देतात.

फाशांचा हिशेब ‘ट्रॅव्हलर’चा. दोन फासे टाकावयाचे. बेरीज आठ किंवा अधिक आली तर काम फत्ते. दोन फाशांची दाने छत्तीस प्रकारे पडतात, आणि त्यांतले पंधराच प्रकार आठ वा अधिक बेरजेचे असतात. म्हणजे नुसत्या नशिबावर भरवसा ठेवणाऱ्याचे काम निम्म्याहून कमी वेळा व्हायचे. पण युक्ती चांगली असेल तर सूत्रधार बेरजेत दोन मिळवू देतो. मग सहालाच काम होते, आणि अनुकूल प्रकार पंधरावरून सव्वीसवर जातात. ही आकडेमोड मुलांनी स्वतः कागदावर मांडून काढली. विचार केल्याने नशीब बदलते हे मी वर्गात सांगितले असते तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. येथे त्यांनी ते मोजून पाहिले.

आमच्या गोष्टीत तो पोलादी हत्ती नर्मदेकडून विंध्याचा घाट चढून बागलीच्या अंगाने माळव्याच्या पठारावर येतो, आणि ऐन आषाढात कालीसिंधच्या काठी काळ्या मातीत रुततो. आठवीतला एक मुलगा आगवाला झाला होता. त्याच्या घरी शेती आहे. वर्गात उभे केले तर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो म्हणाला, “बाई, तुमच्या व्हर्नसाहेबाने काळी माती पाहिलेली नाही. वाफ वाढवली तर चाक आणखी खाली जाईल. आधी भट्टी शांत करा. चाकांखाली तुराट्या आणि दगड घाला. आणि सहा बैलजोड्या आणा.” सहावीतला माहूत रागावला: हत्तीला बैलांनी ओढायचे म्हणजे हत्तीची अब्रू गेली! पण आगवाल्याने त्याला निक्षून सांगितले, “चिखलात अब्रू नसते, पकड असते.” बेरजेत दोन मिळवायला मी तत्काळ परवानगी दिली. दान सात पडले, आणि हत्ती वर आला.

तेव्हा मी त्यांना खरी घडलेली गोष्ट सांगितली. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. खांडव्याहून निघालेला तो लोहमार्ग नर्मदा ओलांडून, घाट चढून इंदूरला आला. चाचणीसाठी आणलेले पहिले वाफेचे इंजिन हत्तींनी रुळांवरून ओढत इंदूरला नेले, असे सांगतात. व्हर्नच्या कादंबरीत पोलादी हत्ती तीन जिवंत हत्तींशी ओढाओढ करून त्यांना हरवतो. माळव्यात मात्र जिवंत हत्तींनी वाफेच्या इंजिनाला घर दाखवले. हे ऐकून माहुताचा राग गेला. आगवाला काही बोलला नाही. पण त्या दिवशी जाताना त्याने भट्टीचे एक चित्र काढून मला दिले, आणि त्याच्या बाजूला सहा बैलजोड्या काढायला तो विसरला नव्हता.

खरा पेच पुढेच होता. नानासाहेबांवरून मुलांत कडाक्याचे भांडण झाले. एकाचे म्हणणे, आपण कर्नलच्या हत्तीवर बसायचेच कशाला? नानासाहेब आपले, त्यांच्या बाजूने लढू या. दुसरी म्हणाली, पण पुस्तकात ते दुष्ट आहेत. मी दोघांनाही थांबवले, आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. १८५७ च्या जुलै महिन्यात कानपूरला बंदीत असलेल्या इंग्रज स्त्रिया आणि मुले मारली गेली. त्यानंतर इंग्रजी फौजांनी जो सूड उगवला त्यात अपराधी-निरपराधी असा विवेक राहिला नाही; किती तरी माणसे फासावर चढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. मुले गप्प झाली. ते गप्प होणे मला कोणत्याही निबंधातल्या उत्तम परिच्छेदाहून मोलाचे वाटले.

आमच्या खेळात नववीतली एक मुलगी दुभाषी झाली होती. नानासाहेबांचा ठावठिकाणा तिला जंगलातल्या लोकांकडून कळलेला. आणि कर्नल तिला तो विचारत होता. सांगावे तर एक सूड पुरा होणार. न सांगावे तर हत्तीवरच्या साऱ्यांचा विश्वास जाणार. अशा जागी मी फासे टाकू देत नाही. मनाचा निर्णय मनानेच करावा लागतो.

त्याच वेळी जंगलात फिरणारी एक वेडसर बाई त्यांना भेटते. कादंबरीतही अशी एक आहे. तिचे बोलणे कोणाला कळू नये, परंतु अगदीच कळेनासेही होऊ नये, म्हणून तिच्या तोंडी मी माझी कोकणी घातली. मी म्हटले, “म्हाका घरा वचपाक जाय.” दुभाषी विचारात पडली. ‘म्हाका’ म्हणजे मला, हे तिने ओळखले. ‘वचपाक’ हे तिला आधी ‘वाचायला’ असे वाटले. आणि ‘जाय’ म्हणजे हिंदीतल्याप्रमाणे ‘जावे’. “हिला घरी बसून वाचायचे आहे की काय?” माहूत हसला. ती हसली नाही. तिने मला तेच वाक्य पुन्हा, मग तिसऱ्यांदा म्हणायला लावले; माझे हात कोणीकडे जातात ते पाहिले; आणि शेवटी म्हणाली, “हिला घरी जायचे आहे. ‘जाय’ म्हणजे हवे.”

कर्नलच्या सोंगात मी पुन्हा दरडावले: “नाना कोठे आहे ते सांग.” तिने दुपारभर जपून ठेवलेला बदामाचा एकच पत्ता, सत्ती, खाली टाकला आणि म्हणाली, “साहेब, ते मागाहून. आधी ही बाई कोण आहे ती नीट पाहा. इतक्या वर्षांत तिला कोणीच काही विचारलेले नाही.”

तिने कादंबरी वाचलेली नव्हती. ती वेडी स्त्री म्हणजे मेली असे समजलेली कर्नलचीच पत्नी, हे सतरंजीवर माझ्यावाचून कोणालाही ठाऊक नव्हते. व्हर्नच्या पुस्तकाच्या शेवटी बाष्पपात्र फुटते आणि हत्तीच्या ठिकऱ्या उडतात. आमच्या हत्तीवर मात्र बाष्पपात्र थंड झाले, आणि एक बाई घरी गेली. नानासाहेब जंगलातच राहिले. इतिहासातही नेपाळच्या तराईत गेल्यावर त्यांचे पुढे काय झाले हे निश्चित सांगता येत नाहीच.

एका मुलाच्या वडिलांनी मला सरळ विचारले, “बाई, यातून मार्क किती वाढतील?” प्रश्न रास्त आहे. दहावीची परीक्षा सोंगे घेऊन देता येत नाही, आणि या खेळावर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत प्रश्न येणार नाही. तथापि माझ्या मनात दुसरा एक हिशेब आहे. पुस्तकातली मराठी वाचून मुलाला मराठी कळते. पण ती त्याची होते ती त्याने तीत भांडण केल्यावर, घासाघीस केल्यावर, कोणाची समजूत घातल्यावर. घरातल्या मराठीला ‘जेवायला ये’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे काम उरले नाही की ती हळूहळू ओसरीवरून अंगणात, आणि अंगणातून बाहेर जाते. आमच्या हत्तीवर मात्र तिला कामे पुष्कळ आहेत. बाष्पपात्राचा दाब तिच्यात सांगावा लागतो, बैलजोड्यांचे भाडे तिच्यात ठरवावे लागते, आणि कर्नलचा राग तिच्यातच शमवावा लागतो. मधून माळवी शब्द येतो, हिंदी येतो, आता कोकणीही येते. त्याने ती विटाळत नाही, तिचा पैस वाढतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. दुसऱ्याचे सोंग घेतले की काही काळ तरी त्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. मंगळावरच्या वसाहतीत साहेब होणे सोपे. पण एकदा तेथला मूळ रहिवासी होऊन पाहावे, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळच्या माळव्याचे हृद्गत उमजते. ज्याने दुभाष्याचे काम केले तो पुढे कोणाचे बोलणे अर्धवट ऐकून हसणार नाही, एवढी आशा ठेवायला हरकत नसावी.

विद्यार्थिमित्रहो, या खेळाची महागडी पुस्तके तुमच्याजवळ नसली तरी अडत नाही. दोन फासे सापशिडीच्या डब्यात सापडतील, पत्ते आजोबांकडे मिळतील. तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते, कोणता घाट उतरतो, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तेथे कोण राज्य करीत होते, याची आधी चौकशी करा. मग त्या रस्त्यावर एक वाफेचा हत्ती आणून उभा करा आणि मित्रांना विचारा, “तुम्ही काय करता?” सूत्रधार कोणी व्हायचे यावरून भांडण होईल, ते होऊ द्या, मात्र भांडण मराठीत करा, आणि मिटले नाही तर फासे टाका.